भिंतीच्या पोटात

भिंतीला कान असतात हे आपल्याला लहानपणीच सांगून ठेवलेलं असतं. पोट असतं, हे मात्र कुणी सांगत नाही. हल्लीच्या कुठल्याही नव्या स्कीमचं ब्रोशर उघडा. क्लब हाऊस, जॉगिंग ट्रॅक, इन्फिनिटी पूल (पाणी टँकरचं, पण पूल इन्फिनिटी!) आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘इन्सुलेटेड वॉल्स’. सेल्सवाला मुलगा हसून सांगतो, ‘मॅडम, एसीचं बिल अर्ध्यावर येईल.’ आपण मान डोलावतो आणि कव्हर्ड पार्किंगकडे वळतो. भिंतीत नक्की काय भरलंय, ते ओलं झालं तर पाणी कुठून बाहेर जाणार, हा प्रश्न साइट व्हिजिटला कुणी विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मला तो प्रश्न पडला दुसरबीडमध्ये. ‘म्हणजे बीडजवळ का?’ असं पुण्यात प्रत्येक जण विचारतो, म्हणून आधीच सांगते, नाही. बुलढाणा जिल्हा, सिंदखेडराजा तालुका. जालन्याहून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. जिजाऊंचं जन्मस्थान शेजारी, लोणारचं सरोवरही फार लांब नाही. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, तो आमच्या तालुक्यातूनच जातो. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाले आणि फंडाच्या पैशातून त्यांनी गावाच्या कडेला घर बांधलं. २०२३ च्या अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत झाली. दोन बेडरूम, हॉल, किचन, आणि पश्चिमेला आजीची खोली.

तर ही गोष्ट आजीच्या खोलीच्या भिंतीची.

आधी जुन्या घराबद्दल सांगायला हवं, कारण बाबांच्या डोक्यात तेच होतं. ते धाब्याचं घर होतं. लाकडी सरे, त्यावर फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. भिंती दगडमातीच्या आणि इतक्या रुंद की खिडकीच्या कोनाड्यात बसून मी पाढे पाठ केलेत. मे महिन्यात बाहेर पारा चाळिशीच्या पार आणि आत माठाशेजारी बसल्यासारखं. यात जादू वगैरे काही नाही. जाड मातीची भिंत दिवसभर ऊन पीत राहते, ते आतल्या बाजूला पोचेपर्यंत रात्र होते, आणि तोवर आपण अंगणात बाजेवर झोपलेले असतो. सिंदखेडराजात लखुजीराव जाधवांच्या वाड्यात किंवा काळाकोटाच्या भिंतींजवळ भर दुपारी उभे राहा, हिशेब अंगाला कळतो.

पण म्हणून मी ‘गड्या आपुला गाव बरा’ वगैरे म्हणणार नाही. दरवर्षी पावसाळ्याआधी धाब्यावर माती टाकायची, तरी एखादा कोपरा गळायचाच. विंचू निघायचे. आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा हजारो माणसं गेली ती याच जड छपरांखाली आणि याच दगडमातीच्या भिंतींखाली. त्यानंतर आमच्याकडेही लोक धाब्याखाली झोपायला बिचकू लागले. हातात थोडा पैसा आला की कॉलम, बीम, स्लॅब. बाबांनाही स्लॅबच हवा होता, पण थंडावा जुन्या घराचा हवा होता. तो द्यायचं ठेकेदाराने कबूल केलं.

ठेकेदार पाहुण्यांतलाच. आत्याच्या सासरचा मुलगा, शहरात कामं करणारा, बोलायला एकदम गोड. ‘मामा, पश्चिमेची भिंत आपण डबल घेऊ. बाहेर चार इंची, आत चार इंची, मध्ये दोन इंच पोकळी, आणि पोकळीत ग्लासवूल. फॉरेनला सगळीकडे असंच करतात.’ त्या एका भिंतीचे नव्वद हजार जादा लागले. बाबांनी ते आनंदाने दिले. आल्या-गेल्याला ती भिंत टिचकी मारून ऐकवायचे, रेडिओ लावावा तसे.

आता, कल्पनेत खोट नाही, हे आधी मान्य करू. स्थिर हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे. ग्लासवूल, थर्माकोल वगैरे मंडळी करतात काय, तर हवेला लहान लहान कप्प्यांत अडकवून ठेवतात. स्वेटरचं तत्त्व तेच. लॉरी बेकर या वास्तुकाराने केरळात विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचून आत पोकळी राहील अशा भिंती बांधल्या. त्याला रॅट ट्रॅप बॉन्ड म्हणतात. त्यात काहीही भरलेलं नसतं, विटा सुमारे पावपट कमी लागतात आणि आतली हवा फुकट. म्हणजे पोकळ भिंत आपल्या देशाला नवी नाही. पण ब्रिटनमध्ये तिचा जन्म झाला तो वेगळ्या कामासाठी, हे आमच्या ठेकेदाराला कुणी सांगितलं नव्हतं. तिकडे दोन भिंतींमधली फट ठेवली ती पावसासाठी. बाहेरची भिंत भिजली तरी पाणी पोकळीत उतरावं, खाली ठेवलेल्या भोकांतून बाहेर जावं, आणि आतली भिंत कोरडी राहावी. साधी पन्हळ समजा, उभी. १९७३ च्या तेलटंचाईनंतर इंधन महागलं आणि ती फट उबेसाठी भरायची टूम जोरात निघाली. भरली ती नीट भरली तर ठीक. नाहीतर पन्हळीत बोळा.

आमच्या भिंतीत बोळाच होता. फक्त तो दिसायला सव्वा वर्ष लागलं.

पहिल्या वर्षी पाऊस बेताचाच झाला. २०२४ च्या जुलैत मात्र पश्चिमेकडून झडी आल्या आणि आजीच्या पलंगामागे तळहाताएवढा डाग उमटला. आमच्याकडे पश्चिमेची भिंत म्हणजे घरातली कमनशिबी सून. उन्हाळ्यात दुपारचं ऊन तिनेच सोसायचं आणि पावसाळ्यात वाऱ्याचा मारही तिनेच. पंधरा दिवसांत डाग परातीएवढा झाला. मग पोपडे, मग पांढरा लोणा, मग काळे ठिपके. आजी फोनवर म्हणाली, ‘काहून गं पोरी, भितीला बी घाम येतो का?’

ठेकेदार आला. गाडीतून उतरला, भिंतीला हात लावला आणि म्हणाला, ‘मामा, हे कन्डेन्सेशन. आजी खोलीत पाणी तापवते ना, ती वाफ.’ आजी चहाचं आधणसुद्धा खोलीत ठेवत नाही. पण इंग्रजी शब्दाचा रुबाब असा की बाबांनी चौदा हजारांचा डॅम्पप्रूफ पेंट आतून मारून घेतला. तो दिवाळीपर्यंत टिकला. दिवाळीला मी घरी गेले, तेव्हा रंगाखाली पाण्याचे फुगे आले होते, मोठाले, बोटाने दाबले की हलणारे.

आणि आजी खोकत होती. रात्री दोनला, तीनला, पहाटे पाचला. गावातल्या डॉक्टरांनी खोली बदला म्हणून सांगितलं. ओल आणि बुरशी यांचा दम्याशी, खोकल्याशी संबंध असतो हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये वेगळी मार्गदर्शिका काढून सांगितलंय, हे मी तिला सांगायचा प्रयत्न केला. आजीचं उत्तर ठरलेलं. त्या खोलीच्या खिडकीतून रस्ता दिसतो, जुन्या गावाकडून येणारं माणूस दिसतं. हॉलमध्ये झोपून काय टीव्ही बघू?

कन्डेन्सेशन की पाझर, हे ठरवायला इंजिनिअर लागत नाही. एक फूट चौरस जाड प्लास्टिक घ्या, डागावर चारही बाजूंनी चिकटपट्टीने गच्च लावा, दोन दिवस हात लावू नका. थेंब प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला आले तर ओल हवेतली. मागच्या, भिंतीकडच्या बाजूला आले तर भिंतीतली. आम्ही लावलं. बाहेर कोरडं खणखणीत ऊन, आणि दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या मागे पाण्याचे मणी. शिवाय विचार केला तर कन्डेन्सेशन हा मूळचा थंड प्रदेशातला आजार आहे. आत हीटर, बाहेर बर्फ, मधली भिंत गार. दुसरबीडच्या भिंतीला गार व्हायला सवड कुठे आहे?

बाबांना दोन गोष्टी जड जात होत्या. एक म्हणजे भिंत फोडणं. दुसरी, पाहुण्याला खोटं पाडणं. ‘आत्याला काय वाटेल’ या प्रश्नाने आपल्याकडची किती बांधकामं टिकवून धरली आहेत, याचा कुणीतरी सर्व्हे करायला हवा. तीन महिने गेले. आजीला वाफारा आणि इनहेलर सुरू झाला. शेवटी फेब्रुवारीत, २०२५ च्या, आईने परस्पर गावातल्या मिस्त्रींना बोलावलं. हे मिस्त्री साठीचे. बाबांना गुरुजी म्हणतात, कारण त्यांचा मुलगा बाबांकडे शिकलाय.

मिस्त्रींनी आत पाहिलंच नाही. ते सरळ बाहेर गेले, खाली बसले आणि बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘गुरुजी, ह्या भितीला पोट हाय, पण मोरी न्हाई.’

जमिनीलगतच्या दोन विटा काढल्या. पाण्याची धार नाही लागली, पण काळपट गाळ सरकत बाहेर आला, वास कुजलेल्या गोधडीचा. त्यामागून ग्लासवूल निघालं, लगदा झालेलं. ते ताठ बोर्ड नव्हते, फॉल्स सीलिंगवर अंथरतात तसली मऊ गुंडाळी होती. ओली झाली, जड झाली आणि स्वतःच्या वजनाने खाली बसली. वरच्या बाजूला वीट काढून टॉर्च मारला तर वरचे दोन-अडीच फूट रिकामे! म्हणजे जिथे ऊन सगळ्यात जास्त, तिथे काही नाही, आणि जिथे पाणी साचतं तिथे स्पंज. पाणी हे स्थिर हवेपेक्षा वीस-पंचवीस पटीने उष्णता वाहून नेतं. त्यामुळे भिजलेलं इन्सुलेशन हे इन्सुलेशन राहतच नाही. तळाशी आणखी एक गंमत होती. बांधताना खाली पडलेला सिमेंटचा माल, विटांचे तुकडे, एक गुटख्याचं पाकीट. हा ढिगारा दोन्ही भिंतींना टेकलेला, म्हणजे बाहेरच्या ओलीला आत यायला चक्क पूल. पाणी बाहेर जायला एकही भोक नाही. दोन्ही भिंती जोडणारे लोखंडी आकडे मात्र होते. तेवढं श्रेय ठेकेदाराला देऊ.

आणि पाणी आत शिरलं कुठून? खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली एक चीर होती, नखाएवढी रुंद. ‘काळीत बांधलंय ना,’ मिस्त्री म्हणाले. जुनं गाव पांढरीत होतं, ते काही उगाच नाही. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा पडतात. पाया पुरेसा खोल नसेल, खाली मुरूम नीट भरला नसेल, तर घरही तिच्याबरोबर वर-खाली होतं आणि पहिली चीर बहुतेक वेळा खिडकी-दाराच्या कोपऱ्यालाच येते. छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच असते, तीही नव्हती. त्यामुळे छज्ज्यावरचं पाणी खालच्या अंगाने सरपटत थेट चिरेत.

दुरुस्ती बोअरिंग आहे, पण सांगते, कारण उद्या तुमच्यावर वेळ आली तर तुम्हाला ‘सगळं पाडा’ किंवा ‘अजून एक कोट मारा’ एवढेच दोन सल्ले मिळतील. एकदम सगळी रांग न काढता, अंतरा-अंतरावर बाहेरच्या दोन-दोन विटा काढल्या. वाकवलेल्या सळईच्या आकड्याने सगळं वूल ओढून काढलं. हातमोजे आणि मास्क हवेतच. मिस्त्रींच्या पोराने पहिल्या दिवशी ऐकलं नाही आणि रात्रभर खाजवत बसला. ढिगारा उपसला, आत पाण्याचा पाइप मारला. मग भिंत तशीच उघडी ठेवली, एप्रिल आणि मे. उन्हाळ्याचा एवढा चांगला उपयोग मी आजवर पाहिला नव्हता. विटा परत बसवताना तळाला दर तीन फुटांवर अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे घातले, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन आणि तोंडाला जाळी लावून, नाहीतर मुंग्या-गोमांचं हाऊसिंग कॉम्प्लेक्स तयार. चीर खोदून भरली, छज्ज्याला खाच केली, बाहेरून नवा गिलावा आणि वर चुन्याचा पांढरा हात. आतला तो चौदा हजारांचा रंग खरवडून काढला, कारण तो ओल आतच कोंडून ठेवत होता. पोकळीत परत काही भरलं नाही. हवा आहे, पुरे.

मग खोली तापणार नाही का? हा प्रश्न बाबांनी विचारला आणि मी कोरोनाच्या दिवसांतली ती कपाळाला लावायची गन कपाटातून काढली. मे महिन्याची रात्र, नऊ वाजलेले. भिंतीवर धरली, काहीतरी चाळीसच्या आतबाहेर. स्लॅबच्या पोटाला धरली तर स्क्रीनवर आकडाच नाही, नुसतं ‘हाय’. आकडा तिच्या पट्टीच्या पलीकडे गेला की ती असं म्हणते. नव्वद हजार घातले भिंतीत आणि तापत होतं छत! आपलं गाव साधारण वीस अंश अक्षांशावर. मेच्या तिसऱ्या आठवड्यात इथे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणून पेपरात फोटो येतात ना, तेच. अशा उन्हात भिंत तिरकी राहते, छत सरळ समोर. म्हणून तर केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने घरांसाठी २०१८ मध्ये जी इको निवास संहिता काढली, तिच्यात छतासाठी वेगळी मर्यादा आहे. आम्ही स्लॅबवर पांढऱ्या सिमेंटमध्ये चुना कालवून दोन हात मारले. खर्च भिंतीच्या दहाव्या हिश्शाहून कमी. आजी आता पंखा तीनवर ठेवते, पाचवर नाही. यापेक्षा शास्त्रीय पुरावा माझ्याकडे नाही.

दुसरबीडला हसू नका हं. ब्रिटनमध्ये सरकारी योजनेतून घरोघरी भिंतींना इन्सुलेशन लावलं, त्याची तपासणी झाली आणि तिथल्या नॅशनल ऑडिट ऑफिसने ऑक्टोबर २०२५ च्या अहवालात सांगितलं की ज्या घरांना ते बाहेरून लावलं होतं त्यांतल्या ९८ टक्के घरांत दुरुस्ती करावी लागेल असे दोष आहेत. आतून लावलेल्यांत २९ टक्के. अठ्ठ्याण्णव! तिथे हा धंदा पन्नास वर्षं मुरलेला आहे. म्हणजे मटेरियलचा दोष कमी आणि घाईने, न शिकता, न तपासता केलेल्या कामाचा जास्त. पुण्यातल्या कितव्या मजल्यावरच्या भिंतीत कोण डोकावून बघतंय?

आता पैशांचं. तुम्ही बिल्डरकडून फ्लॅट घेतला असेल तर रेरा कायद्यात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातला दोष निघाला तर बिल्डरने तो फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो, आणि कळवल्यापासून तीस दिवसांत. लेखी कळवा, व्हॉट्सअॅपवर अंगठा नको. पण आमच्यासारखं स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदार लावून बांधलेल्या घराला रेरा लागत नाही. तिथे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. घर बांधून देणं ही त्यात सेवा धरलेली आहे. दिलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जायचं, पाच लाखांपर्यंत फी नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. फोटो तारखेसकट ठेवा, फोडताना व्हिडिओ काढा, निघालेला माल पोत्यात भरून ठेवा. आमचं पोतं अजून गोठ्यात आहे.

माझं मत स्पष्ट होतं, बुलढाण्याला जायचं. बाबांचं मत त्याहून स्पष्ट होतं, नाही. दोन दिवस आम्ही बोललो नाही. मग एका सकाळी त्यांनी स्वतःच्या अक्षरात, शाळेच्या फुलस्केपवर, मुद्देसूद पत्र लिहिलं. भिंतीत काय निघालं, काय नव्हतं, किती खर्च आला. वर ‘चि.’ आणि खाली ‘तुझा मामा’. आणि ते रजिस्टर पोस्टाने पाठवलं! ठेकेदार आठ दिवसांत हजर. मिस्त्रींची मजुरी आणि पेंटचे चौदा हजार त्याने दिले, भिंतीच्या नव्वद हजारांबद्दल चकार शब्द नाही. बाबांनी ते घेतले, पावती लिहून दिली, जेवू घातलं. मला हे अजूनही पटलेलं नाही. नव्वद हजार म्हणजे शिक्षकाच्या पेन्शनचे किती महिने, हे त्या मुलाला ठाऊक आहे.

२०२५ च्या पावसाळ्याने मराठवाडा-विदर्भाला झोडपून काढलं. आईने पहिल्या झडीला फोन करून सांगितलं की भोकांतून पाणी येतंय, म्हणजे बाहेर येतंय, आणि आजी खिडकीत बसून ते मोजतेय. सहा भोकांपैकी चार चालू. आतली भिंत कोरडी आहे. खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात वीतभर डाग उरलाय, त्याला मिस्त्री म्हणतात चौकट काढून परत बसवावी लागेल. आजीचा खोकला पहाटेचा राहिलाय, रात्रीचा गेला. आत्याचा फोन मात्र रक्षाबंधनानंतर आलेला नाही.